सतरा इंचांची बैठक

वाई ते सातारा हा एस. टी.चा प्रवास मीं पस्तीस वर्षें केला. तिघांच्या बाकावर चौथा आला तरी "या, बसा" म्हणून अंग चोरावयाचें, ही विद्या आमच्या पिढीच्या शिक्षकास कोणी शिकवावी लागली नाहीं. म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं विमानानें अमेरिकेस जाण्याचा योग आला, तेव्हां बसण्याच्या जागेची मला यत्किंचितहि चिंता वाटली नव्हती. ती वाटावयास पाहिजे होती. तो प्रवास, त्यांत पाहिलेलीं दोन प्रचंड विमानें, आणि उतारूंचें सुख व कंपनीचा खर्च यांचा जो झगडा त्या विमानांच्या पोटांत अहोरात्र चाललेला असतो तो, यांविषयीं चार शब्द लिहावे असा विचार आहे. आमच्यासारख्या अनेक घरांतील आईबाप हल्लीं मुलांकडे परदेशीं जातात. त्यांस यांतील एखादी गोष्ट उपयोगीं पडली तर हा लेख सार्थकीं लागला असें मी समजेन.

निमित्त नातवाच्या मुंजीचें. चिरंजीव कॅलिफोर्नियांत सॅन होझे येथें असतो. तिकिटें काढण्यापूर्वीं त्याचा फोन आला. "बाबा, साध्या वर्गापेक्षां जरा वरच्या वर्गाचीं तिकिटें काढूं का? आईचे गुडघे दुखतात. पाय पसरायला जागा मिळेल."

मीं भाडें विचारलें. साध्याच्या जवळ जवळ दुप्पट! "इतक्या पैशांत येथें एका गरीब मुलाचें वर्षाचें शिक्षण होतें. आणि पुढें बसणारांना विमान कांहीं आधीं पोंचवीत नाहीं!" असें उत्तर मीं दिलें. हें उत्तर त्या वेळीं मला मोठें मार्मिक वाटलें. सौ. शेजारींच भाजी निवडीत बसली होती; तिला विचारावें, असें मात्र माझ्या मनांत आलें नाहीं.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघून नऊ-साडेनऊ तासांनीं युरोपांतील एका मोठ्या विमानतळावर उतरावयाचें, आणि तेथें दुसरें विमान धरून आणखी अकरा तासांनीं सॅन फ्रान्सिस्को गांठावयाचें, असा आमचा मार्ग होता. पहिलें विमान बोइंग ७७७ जातीचें. पुढच्या दारानें आंत शिरतांना विमानांतील सगळी उतरंड आपोआप दृष्टीस पडते. प्रथम लागतात ते आडोशाचे कप्पे; तेथील खुर्ची एक कळ दाबतांच पलंग होते. मग रुंद खुर्च्यांच्या थोड्या रांगा. चिरंजीवानें सुचविलेला वर्ग तो हाच. पुढें एक पडदा, आणि पडद्यापलीकडे आमची पंगत: तीन, चार, तीन, अशीं एका ओळींत दहा माणसें, आणि अशा ओळी दृष्टि पोंचेल तेथपर्यंत.

माझी वीत साडेआठ इंच भरते. वर्गांत क्षेत्रफळ शिकवितांना ती अनेकदां उपयोगीं पडली आहे. बसल्याबरोबर मीं आसनाची रुंदी मोजली. बरोबर दोन विती, म्हणजे सतरा इंच. आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं चोवीस अंगुळांचा एक हात सांगितला आहे. तो सुमारें अठरा इंच होतो. माणसाच्या वांट्यास आलेली बैठक एक हातहि नव्हती. पुढच्या आसनाच्या पाठीपासून आपल्या आसनाच्या पाठीपर्यंतचें अंतर भरलें साडेतीन विती आणि दोन बोटें; इंचांत सांगावयाचें तर एकतीस. या एकतीस इंचांत पाठीची जाडीहि आली. ती वजा जातां गुडघ्यांना काय उरतें, तें उंच माणसास विचारावें. पतंजलींनीं आसनाच्या लक्षणांत स्थैर्याबरोबर सुखहि सांगितलें आहे. कमरेस पट्टा बांधून येथें स्थैर्याची व्यवस्था चोख ठेविली होती. सुखासाठीं निराळें भाडें होतें.

भोजनाविषयीं एक सूचना करून ठेवतों. तिकीट काढतांना भोजनाचा प्रकार आगाऊ कळवावा लागतो. त्या यादींत 'हिंदु भोजन' असें नांव असतें. तें वाचून कोणी निश्चिंत राहूं नये. अनेक कंपन्यांत त्या ताटांत गोमांस व डुकराचें मांस नसतें इतकाच त्याचा अर्थ. कोंबडी किंवा मासा असूं शकतो. शाकाहारी माणसानें 'एशियन व्हेजिटेरियन' असें सांगावें. आम्हांस चिरंजीवानें हें आधीं सांगितलें होतें म्हणून डाळभात मिळाला. तो खात असतांना पुढच्या गृहस्थांनीं आपली पाठ मागें लोटली आणि माझें ताट माझ्या छातीस टेकलें. त्यांचाहि दोष नव्हता. त्यांच्या पुढच्यानें त्यांच्यावर तोच प्रसंग आणिला होता.

सौ. मधल्या जागेंत होती. तिची उंची चार फूट अकरा इंच. त्यामुळें तिचे पाय जमिनीस पुरते टेकत नव्हते आणि आसनाची कड गुडघ्यांच्या मागें रुतत होती. कडेचे गृहस्थ गाढ झोंपलेले. त्यांस उठविण्याचा तिला संकोच. "कसें काय?" म्हणून मीं विचारलें, तर "बरें आहे हो, तुम्ही झोंपा," इतकेंच ती म्हणाली. मी झोंपलों.

दुसरें विमान एअरबस ए-३८०. हें विमान प्रथम कांचेतून पाहिलें तेव्हां आमच्या घाटावरील एखादें देऊळच कोणी पंख लावून उभें केलें आहे असा भास झाला. पूर्ण लांबीचे दोन मजले, चार एंजिनें, एका पंखाच्या टोंकापासून दुसऱ्याच्या टोंकापर्यंत जवळ जवळ ऐशीं मीटर, आणि उड्डाणाच्या वेळीं जास्तींत जास्त वजन पांचशें पंचाहत्तर टनांपर्यंत. २००६ सालीं या विमानाची परीक्षा झाली तेव्हां निम्मीं दारें बंद ठेवून ८५३ उतारू आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर काढून दाखविले होते. नियमाप्रमाणें ९० सेकंदांची मुदत असते. प्रत्यक्षांत इतकीं माणसें त्यांत कोणतीच कंपनी बसवीत नाहीं. पांचशेंच्या मागेंपुढें संख्या असते.

खालच्या मजल्यावर येथेंहि एका ओळींत दहाच माणसें. परंतु विमानाची आंतील रुंदी ७७७ पेक्षां दोन फुटांहून थोडी अधिक, त्यामुळें प्रत्येकाच्या वांट्यास एक-दीड इंच अधिक येतो. एक इंच म्हणजे काय, असें घरीं बसून कोणीहि म्हणेल. शेजाऱ्याचें कोपर आपल्या बरगडीस लागतें कीं नाहीं, हें त्या एका इंचावर ठरतें. शिवाय आवाज कमी. आकाशांत आहों हें विसरून सौ. थोडी झोंपली. परंतु आधींच्या नऊ तासांनीं जें करावयाचें तें करून ठेविलें होतें. सॅन फ्रान्सिस्कोस उतरतांना तिच्या चपला पायांत जाईनात.

घरीं पोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं उजव्या पोटरींत कळा येऊं लागल्या. सून घाबरली; तिनें तत्काळ डॉक्टरांकडे नेलें. पायाच्या शिरेंत रक्ताची गांठ झाली आहे कीं काय, अशी शंका होती. ती गांठ सुटून फुप्फुसांत गेली तर जीवावर बेततें. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दोन तास मीं कसे काढले तें माझें मला ठाऊक. गांठ नव्हती, केवळ सूज होती. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणें चार तासांहून अधिक वेळ एका जागीं बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारें दुप्पट होतो. मग तें विमान असो, रेलगाडी असो वा मोटार. तरीहि तो सहा हजारांत एखाद्यासच बाधतो, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. परंतु फार उंच आणि फार ठेंगणीं, म्हणजे एकशें साठ सेंटिमीटरांहून कमी उंचीचीं माणसें, यांनीं विशेष जपावें. ठेंगण्यांच्या गुडघ्यामागें आसनाची कड दाबते. "पायांखालीं एखादी पिशवी तरी ठेवावयाची होती," असें ते म्हणाले. आमची पिशवी माझ्या मांडीवर होती. तपासणीचें बिल आलें तें दोन वर्गांच्या भाड्यांतील फरकाहून थोडेंच कमी होतें.

या प्रसंगानें माझा सर्व राग विमान कंपन्यांवर गेला. मुंजीच्या जेवणास मूळचे दादरचे एक वृद्ध गृहस्थ आले होते; त्यांचा जन्म एका विमान कंपनीच्या हिशेब-खात्यांत गेला होता. त्यांच्यापुढें मीं तावातावानें म्हटलें, "माणसांना असें कोंबणें हा निव्वळ लोभ आहे."

ते हंसले. "गुरुजी, तुम्ही गणित शिकवीत होतां ना? मग आपण गणितच करूं. समजा, चौतीस रांगा आहेत आणि दोन रांगांत चौतीस इंचांचें अंतर आहे. प्रत्येकीचे तीन इंच काढा. किती झाले?"

"एकशें दोन."

"तेवढ्यांत एकतीस इंचांच्या तीन रांगा बसतात आणि वर नऊ इंच उरतात. आतां ओळींत नऊ माणसें होतीं तेथें दहा बसवा. शेंकडा अकरा उतारू वाढले. वैमानिक तेवढेच, विमान तेंच, इंधनांत फरक थोडा. ७७७ विमान १९९५ सालीं चालूं झालें तेव्हां बहुतेक कंपन्या ओळींत नऊ माणसें बसवीत. बोइंग ७८७ विमानांत आठ बसवितां येतात. जवळ जवळ सर्वांनीं नऊ बसविलीं."

"आणि मिळालेला नफा?"

"तो तुमच्या तिकिटांत गेला. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघाच्या अंदाजाप्रमाणें २०२५ सालीं जगांतील सगळ्या कंपन्यांचा निव्वळ नफा एका उतारूमागें सुमारें सात डॉलर. येथें दोन कप कॉफीसहि ते पुरत नाहींत. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा तरी इंधनाचा. लांबच्या पल्ल्यावर इंधन वाहून नेण्यासाठींच इंधन जळतें; जादा घेतलेल्या वजनाच्या पाव ते तृतीयांश इतकें तेल तें वजन नेण्यांत खर्चीं पडतें. म्हणून आसनाची पाठ पातळ, गादी पातळ, मासिकें नाहींशीं. पुढचे पलंग आहेत म्हणून कंपनी तगते. आणि मागच्या जागा भरतात म्हणून रोज विमान सुटतें."

"पण तें दुमजली विमान तर चांगलें होतें!"

"होतें ना! म्हणूनच बंद पडलें," ते म्हणाले.

त्यांचें म्हणणें मला प्रथम विनोद वाटला. पुढें सॅन होझेच्या सार्वजनिक वाचनालयांत वाचून पाहिलें तों तें खरें निघालें. ए-३८० चें पहिलें उड्डाण २००५ सालीं, आणि उतारूंसह पहिली फेरी २००७ सालीं सिंगापूर ते सिडनी झाली. हें विमान भरलें तर प्रत्येक आसनामागें खर्च माफक. परंतु पांचशें माणसें रोज एकाच वेळीं एकाच गांवास जाणारीं मिळालीं पाहिजेत. नाहीं मिळालीं, तरी चार एंजिनें तेल पितच राहतात. दोन एंजिनांचीं लहान विमानें थोडीं माणसें घेऊन थेट पाहिजे त्या गांवास जाऊं लागलीं, आणि हा ऐरावत पोसणें कंपन्यांस जड झालें. २०१५ सालीं त्याच्या कारखानदारांनींच खालच्या मजल्यावर ओळींत अकरा माणसें बसविण्याची तोड सुचवून पाहिली. ती कोणत्याच कंपनीनें उचलली नाहीं. अखेर २५१ विमानें देऊन २०२१ सालीं कारखान्यानें तें बांधणें थांबविलें. आहेत तीं आणखी कांहीं वर्षें उडतील. पुढें नातवास तीं चित्रांतच दिसावयाचीं.

मागचा इतिहासहि असाच बोधप्रद आहे. १९४८ च्या जून महिन्यांत एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो, जिनीव्हा या मार्गानें लंडनला प्रथम गेलें तेव्हां त्यांत ३५ उतारू होते. संस्थानिक आणि मोठे व्यापारी यांचेंच तें काम. पुढें १९५२ सालीं अटलांटिकवर कमी भाड्याचा वर्ग निघाला, आणि १९५८ सालीं त्याहूनहि स्वस्त असा हल्लींचा साधा वर्ग आला. भाडीं सर्व कंपन्यांनीं मिळून ठरविलेलीं असल्यामुळें चढाओढ सुखसोयींचीच. स्वस्त वर्गास फक्त सँडविच द्यावें असा नियम झाला, तेव्हां युरोपांतील कांहीं कंपन्यांनीं सँडविचावर इतके पदार्थ रचले कीं, हें सँडविच कीं मेजवानी, यावर अमेरिकन कंपनीनें संघाकडे फिर्याद नेली! १९७० सालीं बोइंग ७४७ हें पहिलें प्रचंड विमान उतारू नेऊं लागलें. आपल्या एअर इंडियाकडे तें १९७१ सालीं आलें. खिडक्यांभोंवतीं राजस्थानी झरोके रंगविलेले, वरच्या मजल्यावर प्रथम वर्गासाठीं बैठकीची खोली. अमेरिकेंत तर एका कंपनीनें त्यांत पियानोहि ठेविला होता. १९७८ सालीं अमेरिकेनें देशांतल्या देशांत भाडीं ठरविण्याचें बंधन काढून टाकिलें. इतर देशांतहि हळूहळू तसेंच झालें. मग चढाओढ भाड्याची सुरू झाली. पियानो गेले, बैठकी गेल्या, त्यांच्या जागीं आसनें आलीं. आणि त्या आसनांत आमच्यासारखीं माणसें आलीं.

हें वाचून पुस्तक मिटलें आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलों. ज्या रुंद खुर्च्यांसाठीं मी हळहळत होतों त्या माझ्यासाठीं कधींच नव्हत्या. वाईच्या शिक्षकास नातवाची मुंज पाहण्यास जो मार्ग मोकळा झाला, तो त्या सतरा इंचांनीं. कंपनीनें विचारलें असेल, एक इंच काढला तर किती वांचेल? मीं फोनवर विचारलें तें तेंच. शेजारीं भाजी निवडीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांचा रकाना कंपनीच्या वहींत नव्हता, आणि माझ्याहि वहींत नव्हता. कंपनीस निदान तिचे गुडघे ठाऊक नव्हते.

याचा अर्थ कंपन्यांनीं वाटेल तें करावें असा नव्हे. भाड्यांत घासाघीस करणारा उतारू स्वतः होऊन मर्यादा घालीत नाहीं. तो तिकीट घेतेवेळीं इंच मोजीत नाहीं, आणि मोजूं लागतो तेव्हां दार लागलेलें असतें. आपल्या रेल्वेनें २००७ च्या सुमारास कांहीं गाड्यांत बाजूच्या दोन बर्थांमध्यें तिसरा बर्थ घालून पाहिला होता. प्रत्येक कप्प्यामागें एक उतारू वाढला. परंतु खालच्यास मान ताठ ठेवितां येईना. लोकांनीं ओरड केली आणि तो बर्थ बहुतेक डब्यांतून काढावा लागला. अमेरिकेंतहि २०१६ सालीं उतारूंच्या एका संस्थेनें हा प्रश्न न्यायालयांत नेला, आणि २०१८ च्या कायद्यानें आसनाचें किमान माप ठरविण्याची आज्ञा झाली. परंतु पुढें वर्षांमागून वर्षें लोटलीं तरी आंकडा मुक्रर झाला नव्हता. एवढ्या इंचांखालीं कोणी जाऊं नये, असा एक आंकडा सर्वांस सारखा लागू झाला, तर प्रामाणिक कंपनीचें नुकसान होत नाहीं आणि भाडेंहि फारसें चढत नाहीं. वर्गांतील पटसंख्येस मर्यादा असते ती शिक्षकाच्या लोभावर भरंवसा नसतो म्हणून नव्हे. ती नसली तर मुलें वाढतच जातात म्हणून.

परतीचीं तिकिटें निश्चित करावयाची वेळ आली तेव्हां या खेपेस मीं सौ.ला विचारलें. "रुंद जागा घेऊं या. पैसे मी माझ्या निवृत्तिवेतनांतून देतों."

"किती पडतील?"

मीं आंकडा सांगितला. तिनें कांहीं वेळ विचार केला आणि म्हणाली, "अहो, येतांना खरा त्रास झाला तो मधल्या जागेचा, आणि कोणी उठूं देईना त्याचा. लांबचा टप्पा अकरा तासांचा. तेवढा पुढें बसूं. धाकट्याला कडेच्या समोरासमोरच्या दोन जागा घ्या. तासातासानें मी उठेन. आणि ती पिशवी माझ्या पायांखालीं द्या."

निम्म्या पैशांत काम झालें. इतका सरळ हिशेब मला किंवा चिरंजीवाला सुचला नव्हता. ज्यांचे आईबाप जावयाचे असतील त्यांनीं तोच करावा: भाडें पाहण्यापूर्वीं बसणाऱ्यास विचारावें, मधली जागा वृद्धास देऊं नये, ठेंगण्या माणसाच्या पायांखालीं कांहीं तरी ठेवावें, तासातासानें उठून चार पावलें चालावें, पाणी पीत जावें. यांतील पुष्कळशा गोष्टींस पैसा लागत नाहीं.

लांबच्या टप्प्यांत सौ. पाय वर टेकून शांत झोंपली. मला झोंप आली नाहीं. मधून मधून मी पडदा सारून मागच्या पंगतीकडे पाहत होतों. एक वृद्ध बाई मधल्या जागेंत जाग्या होत्या. मुलांकडे निघालेल्या असाव्यात, किंवा मुलांकडून परत. युरोपनंतरच्या टप्प्यांत आम्हीहि त्या पंगतींत बसलों. सौ. दर तासाला उठली, शेजारचा तरुण हंसतमुखानें वाट देत राहिला. मुंबईस उतरलों तेव्हां तिच्या पायांत चपला नीट बसत होत्या.